आधी हिरडी, मग कॅप

एकाच दाढेवर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा काम निघालं की लोक कॅपच्या मटेरियलला नावं ठेवतात. पुष्कळदा खोट हिरडीत असते. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीवर माप नीट येत नाही, कॅपच्या कडेला फट राहते, तिथं अन्न साचतं आणि कॅपखालचा दात पुन्हा किडतो. म्हणून आधी सफाई, मग हिरडी भरून यायला वेळ, त्यानंतर माप.

'दात साफ केले की हलायला लागतात' हे गावोगावी ऐकू येतं. हाड आतून आधीच झिजलेलं असतं. किटणाने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात, ते निघालं की हलणं उघडं पडतं, एवढंच. डॉक्टर खुणांच्या बारीक सळईने दात आणि हिरडीमधली खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4-5 असेल तर मुळापर्यंतची खोल सफाई, आणि त्यानंतरही 6च्या पुढे राहिली तर बहुधा हिरडीची शस्त्रक्रिया. हे आकडे दातानुसार लिहून मागा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय फरक कळत नाही. पुढे साधारण दर तीन महिन्यांनी सफाई. ती चुकली की सगळं पहिल्यापासून.

रक्त येतं म्हणून ती जागा सोडून ब्रश करू नका, तिथंच जास्त गरज असते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून जागच्या जागी हलवा. दोन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही तर आत किटण आहे असं धरा. मिसरी लावणाऱ्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तंबाखूने रक्त दबतं, हाडाची झीज थांबत नाही.

हुरड्याच्या दिवसांत एक हमखास तक्रार: ज्वारीचं फोलपट हिरडीत घुसतं आणि दुसऱ्या दिवशी ती जागा ठणकते. सेफ्टी पिन, आगकाडी, उदबत्तीची काडी यांनी हिरडी फाटते आणि फोलपट आणखी खाली जातं. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरा. मग हातभर फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा बारीक दोरा) घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा हळूहळू दोन दातांत उतरवा. झटका देऊ नका. दाताला बिलगून हिरडीखाली थोडा न्या, वर-खाली घासा आणि एक टोक सोडून बाजूने ओढून काढा. दोन दिवसांत ठणका गेला नाही किंवा पू दिसला तर दवाखाना गाठा.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे. जास्त वापरलं तर दात तपकिरी पडतात, चव जाते. ब्रशनंतर अर्धा तास थांबून घ्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो.

साखर वाढलेली असेल तर हिरडी लवकर भरून येत नाही, त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. बीपीच्या गोळ्यांची पट्टीही दाखवा. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या वाढतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. वेळ जातो, फेऱ्या होतात. जुने एक्स-रे बरोबर ठेवा.

कॅप पक्की चिकटवण्याआधी डॉक्टरांना कॅप आणि शेजारच्या दातामध्ये फ्लॉस घालून बघायला सांगा. तो थोडा अडून आत गेला पाहिजे. सरळ गेला तर तिथं भाकरी अडकणार. फ्लॉसचे तंतू सुटले तर कड खरखरीत आहे. दोन्ही वेळा कॅप तेव्हाच परत लॅबला पाठवायला लावा. एकदा चिकटली की ती बहुधा कापूनच काढावी लागते.