पाच यार्डांत आठ पावलं: पर्ड्यूच्या बँडमध्ये जाऊ पाहणाऱ्यांसाठी

आमच्या कराडकडच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड होता. चुलते, म्हणजे आमचे आप्पा, युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवायचे आणि शाळेच्या सुट्टीत मीही वरातीत त्यांच्या मागं उभा राहायचो. इंजिनिअरिंग कॉलेजात मात्र चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बँडवाल्याचा पोरगा म्हटलं की लोक ज्या नजरेनं बघतात ती मला माहीत होती. एमएससाठी इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या मार्चिंग बँडची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडची, जाहिरात पाहिली. ऑडिशनला येताना कुठली शाखा, कुठलं वर्ष, काही अट नव्हती. इथून पुढं जे लिहितोय ते तिकडं जाणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘दादा, मला चालेल का?’

चालेल. पहिली गोष्ट हीच समजून घ्या. पर्ड्यूमध्ये स्कूल ऑफ म्युझिक नाही. त्यामुळं बँडमध्ये जे साडेतीनशेच्या वर वादक आहेत ते मेकॅनिकलचे, फार्मसीचे, शेतकीचे, नर्सिंगचे. माझ्या रांगेत डावीकडं सिव्हिलची मुलगी होती, उजवीकडं एअरोस्पेसचा मुलगा. आणि मी वाजवायचो तेच वाद्य, बॅरिटोन, म्हणजे युफोनियमचाच भाऊबंद, त्याच बँडमध्ये, पन्नासच्या दशकात नील आर्मस्ट्राँग वाजवायचे. चंद्रावर पाऊल ठेवलेला माणूस आपल्या वाद्याचा, हे कळलं त्या रात्री मी आप्पांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग दम पोटातून काढायचा त्यालाबी सांगितलं असणार कुणीतरी.”

दुसरी गोष्ट, नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर. आपल्याकडचे बँडवाले कानानं वाजवतात. एकदा ऐकलं की धून बोटात बसते. तिकडं हे पुरत नाही. हातात कागद येतो, दोन दिवसांत वाजवायचा असतो आणि थोड्याच दिवसांत पाठ हवा असतो. मला स्वर वाचता येत होते, पण अडखळत. पहिला आठवडा मी रात्री वसतिगृहाच्या धुलाईखोलीत बसून बोटांनी नुसते व्हॉल्व्ह दाबत कागद पाठ केले. जाण्याआधीचे तीन महिने मिळाले तर फक्त वाचन करा. बाकी सगळं तिथं शिकवतात. बॅरिटोन, सूझाफोन यांसारखी मोठी वाद्यं बँडकडून मिळतात, ती विकत घेऊन जायची गरज नाही. माउथपीस मात्र आपला न्या. माझ्याकडं आप्पांचा होता, चांदीचा मुलामा उडालेला.

मग येतो बँड कॅम्प, वर्ग सुरू होण्याआधी, ऑगस्टच्या उन्हात. इथं चालायला शिकवतात, आणि हे मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते. दोन रेघांमधलं अंतर बरोबर आठ पावलांत संपलं पाहिजे. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, उंच माणसाचंही आणि ठेंगण्याचंही. डावा पाय आधी. प्रत्येकाला आपली जागा लिहून दिलेली असते, अमुक रेघेपासून इतकी पावलं आत, तमुक खुणेपासून इतकी मागं. धूनेच्या कितव्या मात्रेला कुठं पोचायचं ते सगळं आकड्यांत. वरातीत आम्ही गर्दी जाईल तसे सरकायचो. पहिल्या दिवशी मी सवयीनं पुढच्याच्या पाठीकडं बघून चाललो आणि अख्खी तिरकी रांग माझ्यापाशी वाकडी झाली. सेक्शन लीडर, म्हणजे आमच्या वाद्याच्या गटाची प्रमुख, माझ्याहून तीन वर्षांनी लहान मुलगी, माझ्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत रेघेपासून रेघेपर्यंत चाळीस वेळा चालली. ओरडली नाही. फक्त मोजत राहिली.

हे एवढं काटेकोर का, ते बँडचा इतिहास कळला की उलगडतं. 1886 साली पाच विद्यार्थ्यांनी हा बँड सुरू केला, तेव्हा तो लष्करी कवायतीसाठी होता. 1907 मध्ये याच बँडनं सरळ रांगा मोडून मैदानावर ‘पी’ अक्षर उभं केलं. मैदानात अक्षर रचणारा पहिला बँड म्हणून पर्ड्यूचं नाव त्यावरून घेतलं जातं. तेव्हा तिथं पॉल एमरिक होते, त्यांनी जवळजवळ अर्धशतक, 1954 पर्यंत, बँड सांभाळला. आजही सामन्याआधी ते अक्षर रचतात. आपण त्यात एक ठिपका असतो आणि ठिपका हलला तर वरून दिसतो.

ढोल-ताशा पथकातल्या मंडळींना खास सांगतो, तिथला मोठा ढोल बघून या. 1921 साली इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीनं तो बनवला. गाड्यासकट दहा फुटांहून उंच, आणि नेमकं माप मुद्दाम गुपित ठेवतात. 2021 मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. तो ओढणारा, फिरवणारा, धावत मैदानात आणणारा चमू वेगळा असतो. तिथं ताकद आणि पळण्याचा दम बघतात. गणपतीत पाच तास कमरेला ढोल बांधून चाललेल्या पोराला हे जमणार नाही असं मला तरी वाटत नाही. तसाही फुटबॉलचा हंगाम आणि आपला गणेशोत्सव एकाच सुमाराला येतो. सप्टेंबरात घरच्या आठवणीनं जीव कासावीस होतो तेव्हा तो ढोल ऐकून बरं वाटतं.

सामन्याच्या शनिवारी उजाडायच्या सुमाराला सराव, मग स्लेटर हिलच्या उतारावर लोकांसमोर वादन, तिथून रॉस-एड स्टेडियम. सामन्याआधी ‘मी अमेरिकन आहे’ अशा आशयाचं एक निवेदन होतं आणि शेवटचं वाक्य अख्खं स्टेडियम म्हणतं. परदेशी विद्यार्थ्याला पहिल्यांदा कसंसंच होतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी वाद्य धरून शांत उभा राहायचो, राष्ट्रगीत मनापासून वाजवायचो. कधी कुणी त्यावरून एक शब्द विचारला नाही.

नोव्हेंबरची थंडी ही वेगळी परीक्षा. इंडियाना विद्यापीठाशी जुन्या लाकडी बादलीसाठी (तीच ट्रॉफी) सामना होतो, 1925 पासून, हंगामाच्या शेवटी. एका वर्षी मध्यंतराला मैदानात उतरलो आणि माझा दुसरा व्हॉल्व्ह दाबला तो वर येईना. आत ओल गोठली होती. तेव्हापासून शिकलो, वाजवत नसाल तेव्हाही वाद्यात ऊन श्वास सोडत राहायचा, व्हॉल्व्ह बोटांखाली हलते ठेवायचे, माउथपीस खिशात, अंगाला लागून. थंड धातू ओठाला लागला की ओठ बधिर होतो आणि सूर खाली येतो.

अभ्यासाचं म्हणाल तर बँड विषय म्हणून नोंदवता येतो, पण सराव आठवड्यातले बहुतेक दिवस दुपारी असतो. लॅब त्या वेळेला येणार नाही असं वेळापत्रक आधीच लावा. असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालचं पगारी काम, असेल तर प्राध्यापकांना पहिल्याच भेटीत सांगा. मी महिनाभर लपवलं, ते अंगाशी आलं. मे महिन्यातली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही धरून चाला. बँड तिथं 1919 पासून वाजवतो आणि पदवी हातात पडलेल्यांचं ते बहुधा शेवटचं वादन असतं. आधी घाईनं तिकीट काढून परत येऊ नका.

आता जे आमच्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या वेळी बँडचा मुक्काम एलियट हॉलच्या पोटात होता, अरुंद जिने, वाद्यांच्या पेट्या एकीवर एक. 2022 पासून बँडला हेगल हॉल ही स्वतःची इमारत आहे. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या सामन्याला, गेलात तर आधी तिथं जा. त्या दिवशी माजी वादकांचा बँड मैदानात उतरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते, बँडचे जुने संचालक अल राइट यांच्या काळातले, म्हणजे 1981 च्या आधीचे. हात थोडे थरथरत होते. मी कुठं शिकलो असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चुलत्यांच्या लग्नाच्या बँडमध्ये. त्यांनी आप्पांचा माउथपीस मागून घेतला, रुमालानं पुसला, उजेडात फिरवून कड पाहिली आणि म्हणाले, हा माणूस रोज वाजवत होता.

होमकमिंगला जाणार असाल तर किमान तीन आठवडे आधी रोज अर्धा तास वाजवायला घ्या. पायांना आठ पावलं आठवतात, ओठ विसरलेले असतात.