स्विमिंग पूलच्या पंपाचं अर्थिंग : या चुका टाळा

खुलताबाद रस्त्यावरच्या एका शेतघरी एप्रिलात गेलो होतो. "दादा, शिडीला हात लावला की मुंग्या येतात," असं पोरगं दोन दिवसांपासून सांगत होतं. घरच्यांना वाटलं, पोहून दमलंय. पंपाचं टर्मिनल बॉक्स उघडलं, तर अर्थची हिरवी वायर सुटलेली अन् काळ्या टेपात गुंडाळून ठेवलेली. मुंग्या म्हणजे करंट. पहिल्या मुंगीला मेन बंद करा, मग शिडीला हात न लावता सगळ्यांना बाहेर येऊ द्या. पुन्हा हात लावून बघायचं नाही, मीटरनेच तपासायचं.

"खड्डा केलाय, मीठ-कोळसा टाकलाय, झालं अर्थिंग" या भरवशावर राहू नका. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम नाहीतर काळा पाषाण. मे महिन्यात माती भेगाळते, इलेक्ट्रोडला, म्हणजे खड्ड्यात पुरलेल्या धातूला, सोडते. समजा तेव्हा खड्ड्याचा रोध 20 ओम दाखवतोय. 230 व्होल्ट भागिले 20 ओम, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एवढ्यावर 16 अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडत नाही, अन् पंपाच्या बॉडीत करंट तसाच राहतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) मात्र त्याच खड्ड्यावर लगेच पडते. म्हणून अर्थिंग अन् आरसीसीबी दोन्ही हवीत. खड्ड्याला उन्हाळाभर पाणी घाला आणि अर्थ टेस्टरनं मोजणी मे महिन्यातच करून घ्या. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून थेट जोडणारे वायरमन मी पाहिलेत. असं कुणी करत असेल तर हात धरा त्याचा. एकेक वायर सोडून बघा: बहुतेक वेळा पंपाच्या सीलमधून पाणी मोटारीत गेलेलं असतं, नाहीतर जमिनीतल्या पाइपात जॉइंट भिजलेला असतो.

न्यूट्रललाच अर्थ जोडणं तर फारच वाईट. वादळात न्यूट्रलची तार तुटली की उलटा करंट पंपाच्या बॉडीवर अन् शिडीवर येतो. जोड आरसीसीबीच्या आधी, वीजमीटरजवळ असेल तर तो आरसीसीबीलाही कळत नाही. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगवर लाईट चालवायची खेड्यातली सवयही पूलजवळ नकोच. त्या खड्ड्याभोवतीची ओली जमीन करंट धरते.

पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच, ट्रान्सफॉर्मर काठापासून लांब.

राहिलं बाँडिंग. पंप, शिडी, कठडा आणि टाकीच्या काँक्रीटमधली सळई हे सगळं निदान 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरनं एकमेकांना जोडायचं, म्हणजे बिघाड झाला तरी एक हात शिडीला, पाय काठावर अशा माणसाला दोन्हीकडं सारखाच व्होल्टेज मिळतो, शरीरातून करंट जात नाही. सळई एकदा काँक्रीटात गेली की तिथं वायर जोडायची सोय उरत नाही, म्हणून ओतकामाच्या आदल्या दिवशीच वायरमनला बोलवा.