खिडक्या धुण्यासाठी पाठीवरचा पंप: कमी खर्चात निवड कशी करावी

जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या ब्रशने उंच काचा धुताना पाणी वर पोहोचवायला पाठीवरचा फवारणी पंप चांगला उपयोगी पडतो, आणि या कामासाठी खास बनवलेल्या संचांपेक्षा तो बराच स्वस्तही मिळतो. मात्र हे पंप मुळात पिकांवर औषध फवारण्यासाठी बनवलेले असतात. पिकाला बारीक तुषार लागतात, तर काचेला सलग धार लागते, आणि खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवला तर पैसे नेमक्या कोणत्या भागावर खर्च करायचे हे आपोआप ठरते.

हाताने दांडा मारून दाब तयार करायचे पंप सर्वांत स्वस्त असले, तरी ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रशचा दांडा सांभाळायला दोन्ही हात लागतात, मग पंप मारायला तिसरा हात कुठून आणणार? आधी हवा भरून ठेवायच्या टाक्यांमध्ये दाब सुरुवातीला भरपूर असतो, पण पाणी उपसले जाईल तसा तो उतरत जातो, आणि वरच्या मजल्यावर धार नेमकी खळबळून धुण्याच्या वेळीच मंदावते. म्हणून बॅटरीवर चालणारा, १२ व्होल्टच्या डायफ्राम मोटरचा (म्हणजे लवचिक पडद्याच्या हालचालीने पाणी ढकलणारा) पंपच पाहावा.

दाबाचे गणित सोपे आहे. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार दाब खर्च होतो. नळी आणि नोझल यांच्या घर्षणात आणखी दाब जातो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या कामाला ३ ते ४ बार दाबाचा पंप पुरतो, आणि त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. दाबापेक्षा प्रवाह महत्त्वाचा आहे, कारण मळ ब्रश सोडवतो आणि पाणी तो वाहून नेते. मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी मिळाले, तर नेहमीच्या काचांचे काम व्यवस्थित होते. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. विकत घेण्यापूर्वी फवारणीची नळकांडी काढून नळीचे मोकळे तोंड एक लिटरच्या बाटलीत धरावे आणि घड्याळ पाहावे. बाटली ४० सेकंदांत भरली, तर प्रवाह दीड लिटरचा आहे. मग तेच तोंड जिन्यावरून एक मजला वर नेऊन पुन्हा मोजावे, म्हणजे पंपाची खरी ताकद कळते.

स्वस्त पंपांत हमखास आढळणारी अडचण म्हणजे धार तुटक येणे. मोटरला एक दाबस्विच जोडलेला असतो आणि ठरावीक दाब झाला की तो मोटर बंद करतो. ब्रशच्या नोझलची छिद्रे अगदी बारीक असली, तर पाणी पुरेसे बाहेर पडत नाही, दाब लगेच वाढतो आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो, ज्यामुळे काम तर रखडतेच, शिवाय स्विचही लवकर झिजतो. छिद्रे थोडी मोठी घ्यावीत, किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करणारे बटण असलेला पंप निवडावा. माझ्या मते थोडे जास्त पैसे मोजावेत असे हे एकच वैशिष्ट्य आहे, कारण प्रवाह आटोक्यात राहिला की पाणी आणि बॅटरी दोन्ही वाचतात.

टाकीच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, त्यामुळे २० लिटरची भरलेली टाकी बॅटरीसह पाठीवर २२ किलोंच्या पुढे जाते, आणि मान वर करून तासन्‌तास ब्रश चालवणाऱ्या माणसाच्या कंबरेला ते झेपत नाही. १६ लिटरची टाकी दीड लिटरच्या प्रवाहाने दहा-अकरा मिनिटांत रिकामी होते, हेही खरे आहे. म्हणून जमीन सपाट असेल तिथे टाकी चाकांच्या छोट्या गाड्यावर ठेवून नळी लांब घ्यावी, आणि पाठीवर घेण्याची वेळ जिने किंवा अरुंद बोळ यांपुरतीच येऊ द्यावी. पट्टे रुंद व गादीचे असावेत, आणि कंबरपट्टा असल्यास फारच चांगले. टाकी भरून, झाकण लावून पुढे वाकून पाहावे. झाकणाचे वॉशर हलक्या दर्जाचे असेल, तर पाणी लगेच पाठीवर उतरते.

लांब नळीचा आतील व्यास ६ ऐवजी ८ मिलिमीटर घेतला, तर तेवढ्याच प्रवाहाला होणारे घर्षण एकतृतीयांशाहूनही कमी होते. जोडण्या प्रचलित मापाच्या असाव्यात, तसेच मोटर, स्विच व वॉशर सुटे मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे. कीटकनाशकासाठी वापरलेला जुना पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण औषधाचा अंश प्लास्टिकात आणि रबरात राहतो व वरून गळणाऱ्या पाण्यातून अंगावर येतो.

वाचवलेले पैसे पाण्याच्या शुद्धतेवर घालावेत. काच न पुसता डाग न पडता वाळायची असेल, तर पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याच्या जवळ, फार तर १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) असावा लागतो. पिण्याच्या आरओच्या पाण्यात बहुधा याहून जास्त क्षार उरतात, म्हणून पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) टप्पा जोडावा आणि टाकी भरताना टीडीएस मीटरने पाणी तपासावे. त्याच टाकीत साबण कधीही घालू नये, कारण त्याचा थर नळीत बसतो आणि पुढे कितीतरी दिवस काचांवर उमटत राहतो.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून मोटर काही क्षण चालवावी, म्हणजे आत पाणी साचून राहत नाही. थंडीत हे न केल्यास गोठलेल्या पाण्याने पंपाला तडा जाऊ शकतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, आणि काम बंद असले तरी ती महिन्यातून एकदा चार्ज करावी.