उन्हाची वही: नाशिकमध्ये फिरताना छायाचित्रे कशी टिपावीत

छंद म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्या माणसाची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा लेन्सच्या किमती वाचण्यात आणि लांबच्या सहलींचे बेत आखण्यात जातात. माझीही तशीच गेली. हिमालयातल्या दहा दिवसांच्या प्रवासातून मी शेकडो छायाचित्रे घेऊन परतलो आणि त्यांतली ठेवण्यासारखी जेमतेम चार निघाली. पण त्याच महिन्यात एका बुधवारी भाजी आणायला गेलो असताना नाशिकच्या गंगाघाटावर सहज टिपलेले एक छायाचित्र आजही माझ्या बैठकीच्या भिंतीवर आहे. यात कौशल्याचा भाग थोडा होता. डोंगरात मला जसा मिळाला तसा उजेड घ्यावा लागला, तर घाटावर ऊन कोणत्या पायरीवर किती वाजता उतरते हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ही माहिती डोक्यात न ठेवता कागदावर उतरवायला लागल्यापासून माझी छायाचित्रे सुधारली, म्हणून पुढील सूचनांची सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता वहीपासून करतो.

शाळकरी मुलांची शंभर पानी वही पुरे. एका जागेला दोन पाने द्यावीत आणि प्रत्येक भेटीनंतर तारीख, वेळ, आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो, ऊन कशावर पडले होते आणि त्या वेळी तेथे कोण होते, एवढेच लिहावे. छायाचित्र चांगले आले की वाईट, हे लिहू नये. ते नंतर आपोआप कळते. नाशिकला जानेवारीच्या मध्यास सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तर मेच्या अखेरीस सहाच्याही थोडा आधी. उगवण्याची जागासुद्धा वर्षभरात नेमक्या पूर्वेपासून दोन्ही बाजूंना सुमारे पंचवीस अंश सरकते, त्यामुळे डिसेंबरात जी भिंत सोनेरी दिसते ती जूनमध्ये त्याच वेळी सावलीत असू शकते. शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा गोष्टी मोबाइलवरील ॲपमध्येही सापडतात हे खरे, पण समोरच्या नव्या इमारतीने आपल्या आवडत्या पायरीवरचे ऊन अडवले आहे, हे कोणतेही ॲप सांगत नाही.

घाटावर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, म्हणून मीही गंगाघाटच म्हणतो. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेकडे वळते आणि पंचवटी तिच्या पूर्वेच्या काठावर येते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने यातच सगळे आले. सकाळी जुन्या नाशिकच्या काठावर उभे राहून पंचवटीकडे पाहिले, तर सूर्य समोर असतो, मंदिरांचे कळस आणि स्नान करणारी माणसे काळ्या आकृत्यांसारखी दिसतात आणि थंडीत पाण्यावरची वाफ उजळून निघते. पंचवटीच्या काठावरून उलट पाहिले, तर ऊन आपल्या पाठीमागून येते, चेहरे आणि कपड्यांचे रंग स्वच्छ दिसतात, मात्र चित्र थोडे सपाट होते. नवशिक्याने पहिले आठ दिवस एकाच काठावरून आणि पुढचे आठ दिवस दुसऱ्या काठावरून चित्रे टिपावीत. रोज दोन्हीकडे धावणाऱ्याच्या हाती दोन्हीकडचे अर्धवटच लागते. सूर्य समोर असताना एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते प्रमाण, पाण्याच्या चकाकीनुसार ठरवावे आणि आकृत्या काळ्या पडू द्याव्यात. मोबाइल असेल, तर पडद्यावर उजळ भागावर बोट दाबून धरावे आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी.

घाटावरची दुसरी शिकवण मात्र मला महागात पडली. रामकुंडावर स्नानासाठी जसे लोक येतात तसेच अस्थिविसर्जनासाठी आणि दशक्रियेसाठीही येतात. सुरुवातीच्या काळात मी एका मुंडन केलेल्या, पायरीवर एकट्याच बसलेल्या गृहस्थाचे छायाचित्र दुरून लांब लेन्सने टिपले. शटरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि काहीही न बोलता पुन्हा पाण्याकडे पाहू लागले. ते छायाचित्र मी तेथेच पुसून टाकले, आणि त्या दिवसापासून घाटावर लांब लेन्स नेत नाही. पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरची लेन्स असली की माणसाजवळ जावे लागते, आणि जवळ जायचे म्हटले की आधी बोलावे लागते. स्नान करणाऱ्या स्त्रिया, कपडे बदलणारी माणसे आणि क्रियाकर्माला बसलेले कुटुंब यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये, बाकीच्यांना “काका, एक फोटो काढू का?” असे सरळ विचारावे. नकार आला तर हसून पुढे जावे. दहांपैकी सात जण होकार देतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्या सातांपैकी पाच जण लगेच ताठ उभे राहतात, हा त्यातला खरा पेच आहे. त्यावर उपाय एवढाच की पहिले ताठ छायाचित्र काढून त्यांना दाखवावे, मग दोन मिनिटे तेथेच रेंगाळावे. माणूस आपल्या कामाला लागला की दुसरे काढावे.

बुधवारी घाटावर आठवडी बाजार भरतो आणि तेथे एक तांत्रिक अडचण प्रत्येकाला भेडसावते. निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तोच रंग उतरतो आणि नंतर संगणकावर कितीही प्रयत्न केला तरी तो पुरता जात नाही. म्हणून ताडपत्रीच्या कडेला, जिथे आकाशाचा मोकळा उजेड आत शिरतो, अशा बाजूला बसलेला विक्रेता निवडावा आणि त्याची पाठ अंधाराकडे येईल असे उभे राहावे. मेथीच्या जुड्या आणि तराजू यांच्या पलीकडे चेहरा आपोआप उठून दिसतो.

काळा दगड आणि वाढलेले पाणी

काळाराम मंदिराच्या आवारात गेलेला प्रत्येक नवशिका एकच तक्रार करतो: दगड करडा आला आणि आकाश पांढरेफटक पडले. दोष दगडाचा नसतो. कॅमेऱ्याचे उजेडमापक समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. त्याच्यापुढे काळ्या पाषाणाचे मंदिर आले की उजेड कमी पडला असे समजून ते चित्र उगाच उजळवते. अशा वेळी एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (उजेड मोजण्याची पायरी; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) खाली आणावे, म्हणजे दगड काळाच राहतो आणि त्यावरची कोरीव रेषाही दिसते. पांढरे धोतर किंवा पांढरी टोपी चौकट भरून आली, तर याच्या उलट करावे. गाभाऱ्यात छायाचित्रण करू नये आणि आवारातील फलकांवरच्या सूचना पाळाव्यात. जाण्यापूर्वी जागेविषयी थोडे वाचलेले असले, तर चौकटही बदलते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी ज्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला ते हे मंदिर आहे, एवढे ठाऊक असलेला माणूस शिखराइतकाच वेळ दरवाज्यापाशी घालवतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की शहरात एकच प्रश्न विचारला जातो: “दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलंय?” नदीपात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला, कमरेला, छातीला, असे पुराचे मोजमाप येथे होते, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेले की तो महापूर समजतात. २००८, २०१६ आणि २०१९ सालचे पूर अनेकांच्या आठवणीत आहेत. पूर टिपायचा तर तो पोलिसांनी उभे राहू दिलेल्या उंच जागेवरूनच टिपावा. मात्र खरे काम कोरड्या दिवसांत करून ठेवायचे असते. फेब्रुवारीत ज्या जागेवरून, ज्या लेन्सने मारुतीचे छायाचित्र घेतले, त्याच जागेवरून ऑगस्टमध्ये घ्यावे. दोन्ही शेजारी ठेवली की पाण्याची उंची समजावून सांगावी लागत नाही. एकाच चौकटीकडे पुन:पुन्हा परतण्याचा हा मार्ग जुनाच आहे. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी कथाचित्रपटाकडे वळण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर टिपली होती, आणि त्याआधी तेही पेशाने काही काळ छायाचित्रकारच होते.

भर दुपारचे गल्लीबोळ

पहाट आणि संध्याकाळ सोडून कॅमेरा बाहेर काढू नये, असा उपदेश सर्रास केला जातो. जुन्या नाशकात तो मला पटत नाही. सराफ बाजार, भद्रकाली, तांबट आळी यांच्यातल्या बोळांत दोन्हीकडच्या घरांमुळे सकाळचे ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ते उतरते अकरानंतर, तेही हातभर पट्ट्याच्या रूपाने आणि थोडाच वेळ. त्या पट्ट्यासमोर उभे राहावे, एक्सपोजर उन्हावर बांधून ठेवावे आणि कोणीतरी त्यातून जाण्याची वाट पाहावी. गल्लीत वाट पाहणारा माणूस संशयास्पद दिसतो, म्हणून मी समोरच्या टपरीवर चहा सांगतो. दोन कटिंगमध्ये बहुधा काम होते.

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ऊन थेट पडले, तर पांढरे ठिपके उमटतात आणि धातूचा रंग हरवतो. भांडी दुकानाच्या उंबऱ्याच्या आत, सावलीत, पण समोरच्या उजळ भिंतीचा परावर्तित उजेड येईल अशी असली की तांबे तांब्यासारखे दिसते. एका वयस्क कारागिरांना मी हंडा थोडा आत सरकवण्याची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, “सरकवतो, पण मग घेऊन जा.” हंडा घेतला नाही, तांब्या घेतला.

याच भागातले वाडे टिपायचे असतील, तर आजच टिपावेत, कारण लाकडी खांब आणि कोरीव दारे असलेले वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. येथे कलात्मक चौकटीपेक्षा नोंद महत्त्वाची आहे: समोरून संपूर्ण दर्शनी बाजू, मग दार, मग तुळया आणि त्यांना आधार देणारे लाकडी हस्त, मग चौकातून दिसणारे आकाश, आणि प्रत्येकाखाली तारीख. घरमालकांची परवानगी अर्थातच हवी.

लेण्यांपासून द्राक्षबागांपर्यंत

पांडवलेणी बहुतेक उत्तरेकडे तोंड करून खोदलेली असल्यामुळे ओसरीत दिवसाचा बराच वेळ मऊ, एकसारखा उजेड राहतो. कोरीवकामासाठी हा उजेड चांगला, पण शिलालेखांसाठी अपुरा ठरतो. तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचे वर्णन करणारा ब्राह्मी लेख समोरून फ्लॅश मारून टिपला, तर अक्षरे भिंतीत विरघळतात. उजेड बाजूने, भिंतीला घासून येणारा हवा. ओसरीच्या उघड्या बाजूने येणारा उजेड अक्षरांवर कोणत्या कोनातून पडतो ते पाहत, दोन पावले इकडे-तिकडे सरकून जागा शोधावी. भिंतीला हात लावू नये.

नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेल्या पाणथळीवर, हिवाळ्यात जावे. पक्ष्यांसाठी मात्र लांब लेन्स लागते; ती नसेल, तर दुर्बीण घेऊन जावे, हळदी-कुंकू बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या मनसोक्त पाहाव्यात आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

त्याच वाटेवर, निफाड तालुक्यात, मला जास्त ओढ द्राक्षबागांची आहे. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर मांडवाखाली अडकतो, आणि सूर्य वर आला की त्यातून उन्हाच्या सरळ काठ्या उभ्या राहिलेल्या दिसतात. हे दृश्य अर्धा तासही टिकत नाही, त्यामुळे अंधारातच पोहोचलेले बरे. आयएसओ (उजेडाबाबत कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८०० ते १६००, शटर एका सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागाच्या आसपास, आणि कॅमेरा धुराच्या पलीकडून उन्हाच्या दिशेने, एवढी तयारी पुरते. दिवस वर आला की मांडवाखालचा उजेड पानांमुळे हिरवा होतो; व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, स्वयंचलित न ठेवता घडांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावरून हाताने जुळवावा. एक गोष्ट विसरू नये. ज्या पहाटे आपल्याला अप्रतिम चित्र मिळते, ती पहाट बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर टांगती तलवार असते. आधी चौकशी करावी, शक्य असेल तर शेकोटीला चार काटक्या घालाव्यात, आणि मगच कॅमेरा काढावा.

रंगपंचमीच्या रहाडींबद्दल, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांबद्दल, एवढेच सांगतो की त्यांत धप्पा (उडी) मारणारा माणूस हवेत असतानाच टिपायचा असेल, तर शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ ठेवू नये, आणि कॅमेरा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळावा. एक पिशवी पुरत नाही.

छापील प्रत

महिन्याच्या शेवटी दहा-बारा छायाचित्रे निवडावीत, संगणकाखेरीज दुसऱ्या एका डिस्कवर त्यांची प्रत ठेवावी, आणि ज्यांचे छायाचित्र काढले त्यांच्यासाठी चार बाय सहा इंचांची प्रत छापून घ्यावी. मोबाइलवर पाठवलेले चित्र दुसऱ्या दिवशी विसरले जाते, कागद मात्र घरात राहतो. प्रतीच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहावी. सुरुवातीला सांगितलेल्या, बैठकीतल्या भिंतीवरच्या छायाचित्रात बुधवारच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना प्रत दिली तेव्हा त्यांनी ती आधी पदराला पुसली, मग उलटून मागची तारीख शेजारणीकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “भाऊ, पुढच्या बुधवारी अजून एक आणा, माहेरी पाठवायचाय.” तेव्हापासून मी प्रत्येक छायाचित्राच्या दोन प्रती काढतो.