चेंबर गळतोय असं वाटतंय? या चुका टाळा (जुन्या एमएक्स-५ च्या अनुभवातून)

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की पहिला आरोप चेंबरवर होतो. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं. ते सगळ्यात खाली असतं, त्यामुळे वर कुठूनही निघालेलं तेल ओघळत शेवटी त्याच्याच कडेवरून टपकतं. खालून बघणाऱ्याला तिथेच थेंब लोंबताना दिसतो आणि लगेच पॅकिंग बदलायचं ठरतं.

माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ च्या शिकागो मोटार शोमध्ये जगापुढे आलेली, जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकलेली, दोन सीटांची आणि छप्पर उघडणारी गाडी. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे जपानहून आणलेल्या युनोस पुष्कळ दिसतात. गाडी घेतली त्याच वर्षी तेल गळायला लागलं. एका गॅरेजने चेंबर उतरवून पुन्हा बसवला, चांगले दोन दिवस लावले आणि त्या मानाने पैसेही घेतले. आठवड्याभरात डाग परत त्याच जागी. गळत होती ती इंजिन हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागची एक छोटी रबरी ओ-रिंग (गोल रबरी कडी). तेव्हापासून या विषयावर कोणी विचारलं की मी आधी एवढंच सांगतो: या गाडीचा चेंबर उतरवणं हे सगळ्यात जिकिरीचं काम आहे, म्हणून संशय घ्यायचा तर त्याच्यावर सगळ्यात शेवटी घ्या.

गळती कुठून, हे न बघता काम सुरू करणं

मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यामुळेच होतात.

पहिल्या पिढीच्या गाडीत हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) अंगाला, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याची ओ-रिंग वर्षानुवर्षं तापून कडक आणि चपटी होते. तिथून निघालेलं तेल हेडच्या पाठीवरून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणावर उतरतं. खालून पाहिलं तर वाटतं, क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलं, नाहीतर चेंबरची मागची कड गळतेय. प्रत्यक्षात ओ-रिंग अगदी स्वस्त आणि सेन्सर एका बोल्टवर धरलेला. हात घालायला जागा कमी आहे, एवढाच काय तो त्रास. एक पथ्य मात्र पाळा. सेन्सर जरा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं, म्हणून बोल्ट सैल करण्याआधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवरून एक सरळ खूण ओढून घ्या. काम झाल्यावर टायमिंग लाइटने तपासलंत तर उत्तमच.

दुसरा संशयित टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग. तिसरा ऑइल फिल्टर. या गाडीत तो इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) अडचणीत बसवलाय. काढताना त्यातलं तेल खालच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीच्या आडव्या तुळईवर, सांडतं आणि पुढचे कित्येक दिवस थेंबथेंब पडत राहतं. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर आधी तिथे पुसून बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढला, तर गळती भरपूर होते, हेही लक्षात ठेवा.

तपासायची रीत साधी आहे. इंजिन थंड असताना डीग्रीझर मारून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत जा. चालत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून जी ओली जागा सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे सापडेल, तीच खरी. तरीही कळलं नाही तर तेलात घालायचा अल्ट्राव्हायोलेट रंग मिळतो. तो घालून एक-दोन दिवस गाडी वापरा आणि अंधारात निळ्या दिव्याखाली पाहा, ओघळाची वाट पिवळसर चमकते.

टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी झडप) याच वेळी काढून हलवून बघा. खुळखुळ वाजला पाहिजे. तो तुंबला की इंजिनातला वायूचा दाब बाहेर पडत नाही आणि मिळेल त्या सीलमधून तेल ढकलतो. मग पॅकिंग कितीही नवं असो, गळणारच.

ड्रेन बोल्ट विसरणं

चेंबर अॅल्युमिनियमचा आहे आणि ड्रेन बोल्ट लोखंडी. बोल्टखालचा वॉशर दर ऑइल बदलाला नवा लागतो, कारण तो दबूनच जागा बंद करतो. जुनाच परत घातला की पाझर सुरू. पाझरतंय म्हणून कोणीतरी जोर लावून आवळतं आणि आटे जातात. या १४ मिमीच्या बोल्टला ३० ते ४१ न्यूटन मीटर पुरतात. पहिले काही आटे नेहमी हाताने फिरवा. आटे गेलेच असतील तर स्वतःच आटे पाडत शिरणारा जाड बोल्ट मला पटत नाही. तो वाकडा शिरतो आणि त्याचा कीस चेंबरमध्ये पडतो. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घालून घ्यावं.

खरंच चेंबर गळत असेल तर

चेंबरच्या खाली पुढच्या सस्पेन्शनचा क्रॉसमेंबर आडवा येतो आणि स्टीअरिंग रॅकही त्यालाच धरलेली असते. म्हणजे एकतर इंजिन वर उचलायचं, नाहीतर क्रॉसमेंबर खाली घ्यायचा. इंजिन फार वर जात नाही, कारण गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब अॅल्युमिनियम फ्रेमने जोडलेले आहेत. मी क्रॉसमेंबर उतरवण्याच्या बाजूचा आहे. वेळ जास्त लागतो, पण चेंबर सरळ खाली येतो आणि मुख्य म्हणजे बसवतानाही सरळ वर जातो. नंतर व्हील अलाइनमेंट करावं लागतं, ते धरून चाला. इथल्या रस्त्यांवरच्या हिवाळी मिठाने बोल्ट गंजून बसलेले असतात, त्यांच्यावर आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा.

इंजिन वरून आडव्या सपोर्ट बारला टांगून ठेवा. चेंबरखाली जॅक लावून इंजिन तोलणं किंवा गाडी उचलणं अजिबात नको. मध्ये लाकडी ठोकळा असला तरी अॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच आडवे व्हा.

बोल्ट निघाले तरी चेंबर सुटत नाही, पॅकिंगच्या जागी लावलेल्या जुन्या सिलिकॉनने घट्ट धरलेला असतो. इथे स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो. त्याने पडलेली खाच म्हणजे पुढच्या गळतीची जागा. पातळ पात्याने, कोपऱ्यापासून, हळूहळू सिलिकॉन कापत चला. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) आणि चेंबर यांच्यामध्ये एक पत्रा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना सिलिकॉन असतं. बरेच जण एकच जोड साफ करतात आणि दुसरा तसाच ठेवतात. साफ करायला प्लॅस्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर वापरा. पॉलिश पेपर किंवा ड्रिलला लावायची घासणी नको, त्याचे कण बेअरिंगपर्यंत पोहोचले तर इंजिनच जातं.

जास्त सिलिकॉन

आपल्याकडे मेकॅनिक सरसकट ज्याला अॅनाबॉन्ड म्हणतात, त्या प्रकारच्या सिलिकॉनबद्दल एक गैरसमज पक्का आहे: जितकं जास्त, तितकं बरं. दाबलं गेलं की ते जितकं बाहेर येतं तितकंच आतही जातं, फक्त आतलं दिसत नाही. आतली लोंबती शेपटी तुटते आणि तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त घातक, कारण जोरात वळताना तेल आधीच चेंबरच्या एका बाजूला सरकलेलं असतं. त्यात जाळी अर्धी बुजली की बेअरिंग कोरडी पडतात. दोन-तीन मिमी जाडीची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. पुढे आणि मागे अर्धगोल सील बसतात, त्यांच्या टोकांना थोडं जास्त. बस्स.

रेघ ओढल्यावर फोन घेऊ नका. ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांत चेंबर वर चढलाच पाहिजे, साय धरल्यावर जोड नीट होत नाही. म्हणून आधी एकदा सिलिकॉन न लावता चेंबर बसवून बघा आणि हाताशी माणूस ठेवा.

बोल्ट ८ ते ११ न्यूटन मीटर, मधून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून. परदेशी पुस्तकांत हा आकडा इंच-पाउंडात असतो आणि तो फूट-पाउंड समजून बोल्ट तोडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ८० इंच-पाउंड म्हणजे जेमतेम ९ न्यूटन मीटर, ८० फूट-पाउंड म्हणजे १०८.

ठोकर लागलेला चेंबर

पुण्या-मुंबईत खालून बुटकी गाडी चालवणाऱ्यांचा त्रास वेगळा असतो, तिथे स्पीडब्रेकर चेंबर फोडतो. एम-सीलचं लिंपण घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण गरम तेल त्याला फार दिवस टिकू देत नाही. काही गाड्यांना असतो तसा पत्र्याचा चेंबर आत दबला असेल तर तो बाहेरून ठोकून सरळ करून भागत नाही, आतली जाळी आणि नळी वाकली का हे उघडून पाहा. आणि ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही इंजिन चालवलं गेलं असेल तर ते मेकॅनिकला स्पष्ट सांगा. लपवलंत तर तो फक्त चेंबर बदलेल.

गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात. ती कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतात, सिलिकॉनच्या तुटक्या जोडाला किंवा तड्याला त्यांचा उपयोग नाही.

बसवून झाल्यावर ट्यूबवर दिलेला वेळ, बहुतेकदा २४ तास, गाडी तशीच राहू द्या, मग तेल भरा. १६०० सीसीच्या इंजिनाला साधारण साडेतीन लिटर लागतं, शेवटचं मोजमाप काडीवर बघूनच. पहिले काही दिवस रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. आणि हजार किलोमीटरनंतर ‘एकदा आवळून घेऊ’ म्हणून त्या बोल्टांना पाना लावू नका. कागदी पॅकिंगची ती सवय इथे उलटते, पक्कं झालेलं सिलिकॉन त्या पिळाने सुटतं.