सबडोमेनसाठी रिव्हर्स डीएनएस लावताना या चुका टाळा

लॅब.एक्झाम्पल.कॉम हे सबडोमेन तुमच्या नेमसर्व्हरकडे सोपवलं गेलं, ए रेकॉर्ड (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदी) चालू लागले, म्हणजे पीटीआरही (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या उलट्या नोंदी, म्हणजेच रिव्हर्स डीएनएस) आपल्या हातात आले असं समजू नका. सगळ्यात जास्त वेळ याच गैरसमजात वाया जातो. उलटी नोंद इन-ॲडर.आर्पा या खास डोमेनखाली असते आणि आयपी ब्लॉक ज्याच्या नावावर, तिचा ताबा त्याच्याकडे. सबडोमेनच्या झोनमध्ये (त्याच्या नोंदींच्या संचात) कितीही पीटीआर लिहा, त्यांना विचारायला कोणी येणार नाही.

ब्लॉक लहान असला की गोंधळ वाढतो. समजा तुमच्याकडे १९२.०.२.६४/२६ आहे, म्हणजे ६४ पत्ते. पुष्कळ जण तरीही २.०.१९२.इन-ॲडर.आर्पा हा अख्खा झोन स्वतःच्या सर्व्हरवर उभा करतात. त्या सर्व्हरला विचारलं की उत्तर झकास येतं, बाहेरच्या जगाला मात्र काहीच दिसत नाही. शिवाय आतली मंडळी तोच सर्व्हर रिझॉल्व्हर (नावं-पत्ते शोधून देणारा सर्व्हर) म्हणून वापरत असतील, तर शेजारच्या पत्त्यांची नावंही त्यांना मिळेनाशी होतात.

यावरची रीत १९९८च्या आरएफसी २३१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. प्रोव्हायडर त्या झोनखाली एक उपझोन तुमच्याकडे सोपवतो आणि ६४ ते १२७ या प्रत्येक आकड्यासाठी स्वतःच्या झोनमध्ये त्या उपझोनकडे वळवणारा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) टाकतो. उपझोनचं नाव त्याच्याकडूनच घ्या. कोणी ६४/२६ लिहितं, कोणी ६४-२६. तुमचं नाव जुळलं नाही तर सीनेम कुठेच पोहोचत नाही. चार-पाचच पत्ते असतील तर या फंदात पडूच नये, पीटीआर प्रोव्हायडरलाच लिहायला सांगावेत.

पीटीआरमधल्या नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहून गेलं की त्याला आर्पाचं शेपूट चिकटतं. हे डिग या डीएनएस तपासायच्या कमांडच्या उत्तरात लगेच दिसतं.

मेल सर्व्हर असेल तर पीटीआरमधलं नाव पुन्हा त्याच आयपीकडे वळलं पाहिजे. जीमेल हे तपासतं. इथे लोक ए रेकॉर्ड मूळ एक्झाम्पल.कॉमच्या झोनमध्ये टाकतात. पण लॅब एकदा सोपवल्यावर त्याखालची तिथली नोंद मानली जात नाही, ती लॅबच्याच झोनमध्ये हवी.

तपासताना स्वतःच्या सर्व्हरला विचारून समाधान मानू नका. ‘डिग -एक्स’ला ‘+ट्रेस’ जोडा, म्हणजे साखळी कुठे तुटते ते कळेल. सगळं बरोबर असूनही बाहेर जुनंच ‘एनएक्सडोमेन’ (असं नाव नाही) येत असेल, तर नकारही कॅशमध्ये राहतो हे ध्यानात घ्या. तो किती वेळ टिकेल हे एसओए या झोनच्या मुख्य नोंदीचा टीटीएल (कॅशमध्ये राहण्याची मुदत) आणि त्या नोंदीतला शेवटचा आकडा, यांपैकी लहान असेल तो ठरवतो.