गॅदरिंगला गिटार अन् पेडल नेताना: बोर्ड स्वतःचा घ्या

गिटार, पिक, पट्टा, तारांचा एक जादा सेट हे सांगत बसत नाही, ते कुणी विसरत नाही. जे राहतं ते आधी सांगतो आणि पुढंही परत परत सांगणारय: स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, तीन कोअर वायरचा (फेज, नूट्रल अन् अर्थ अशा तीन वायरी), अन् त्याची अर्थिंग स्वतः तपासलेला. मागच्या गॅदरिंगला माझ्याकडून नेमका हाच राहिला. मंडपवाल्याच्या बोर्डावर सगळं लावलं आणि अख्खा कार्यक्रमभर ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) गुंऽऽ चालू, गाणाऱ्या पोराचे ओठ माईकला टेकले की झिणझिण्या, आणि आम्ही आपले पेडल (गिटारचा आवाज बदलणारे, पायानं दाबायचे डबे) बदलत बसलो. पेडलचा काही संबंधच नव्हता.

आपल्याकडं लातूर म्हणा, परभणी म्हणा, नांदेड म्हणा, मंडपात जे बोर्ड येतात त्यांना वरून छिद्रं तीन असतात पण आत वायर दोनच. असला एक बोर्ड नंतर उघडून बघितला तर वरच्या मोठ्या छिद्राच्या मागं स्क्रू कोरा करकरीत, त्याला कधी वायर लागलीच नव्हती. आता गिटारच्या तारा, ब्रिज, केबलची जाळी, पेडलचे डबे, ॲम्पची बॉडी हे सगळं एकमेकाला जोडलेलं असतं आणि शेवटी ॲम्पच्या प्लगमधल्या त्या जाड पिनेतून जमिनीत जातं. ती पिन मोकळी राहिली की गुणगुण जाणार कुठं. त्यात मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप यांच्यात एसएमपीएस (एक प्रकारचा पॉवर सप्लाय) असतो, त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं अर्थिंग नसताना बॉडीवर २३० च्या निम्मे म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर पूर्ण २३० तुमच्या डाव्या हातात तारांवर आणि तोंड माईकला. १९७२ साली स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सीत स्टेजवर माईकला हात लावल्या लावल्या गेला, कारण हेच, अर्थिंग. त्यामुळं ॲम्पची तिसरी पिन कापून किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावून गुणगुण घालवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, कितीही जुना वाजवणारा सांगत असला तरी.

बोर्ड घरी करायचा असेल तर दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर दहा मीटर, चांगला तीन पिन प्लग, चार सॉकेट, झालं. इलेक्ट्रिकवाल्याकडं तीन कोअर म्हणून सांगून घ्या, नाहीतर तो दोन कोअर कापून देतो. हिरवी वायर जाड पिनेला. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून जाड पिन ते प्रत्येक सॉकेटचं वरचं छिद्र, चारही ठिकाणी बीप आला पाहिजे. सोबत सोळा अँपिअरच्या सॉकेटला चालणारा कन्व्हर्टर घ्या, तोही अर्थवाला.

बोर्ड तुमचा चांगला असला तरी भिंतीतल्या सॉकेटला अर्थ आहे का हा वेगळा प्रश्न, म्हणून तिथं गेल्या गेल्या जाणकार माणसाकडून मीटर लावून घ्या. फेज-नूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ साधारण तेवढंच, नूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. नूट्रल-अर्थ अगदी शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका, कुणीतरी मागं नूट्रललाच अर्थ जोडलेला असू शकतो, आणि तीन लाईटवाला स्वस्त टेस्टर त्यालाही ओके म्हणतो. तसल्या सॉकेटचा नूट्रल कुठं तुटला की तुमच्या ॲम्पची बॉडीच फेज होते. उन्हाळ्यात आणखी एक, आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाईपला धरत नाही, अर्थिंग कागदावरच राहते. खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतायला लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छोट्या टेम्पोवर जनरेटर आणलाय तर त्याची सळई जमिनीत ठोकलीय का ते स्वतः बघून या. आणि गिटारची तार अन् माईकची जाळी यांच्यात मीटर एसी व्होल्टवर लावल्याशिवाय कुणी तोंड माईकजवळ नेऊ नये. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर थांबा, आधी बोर्ड बघा. आयोजकांकडं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) मागा, नसेल तर वाजवायचं का याचा विचार करा.

आता गुणगुण शोधायची कशी, हे घरीच करून ठेवा. ॲम्पला काहीच न लावता चालू करा. तरी आवाज येत असेल तर ॲम्प नाहीतर लाईन. मग गिटार सरळ ॲम्पला, मध्ये पेडल नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की आवाज गेला तर तो गिटारमधून यायलाय, आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ते नॉर्मलय, तार ब्रिजमधून ग्राउंडला आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी एकेरी कॉइल) थोडा गुणगुणणारच, तो ५० हर्ट्झ पकडतोच, जागेवरून थोडं वळून बघा, कमी-जास्त होतो. स्ट्रॅट टाईप गिटारला मधला पिकअप उलट्या वाइंडिंगचा असेल तर पिकअपच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला आवाज मरतो. मोबाईल खिशात नको. डिमरवरचे लाईट असले की चिर्रर येते, साऊंडची लाईन लाईटपासून वेगळी मागा, आणि ती लाईन तुमच्या स्वतःच्या बोर्डात.

मग एकेक पेडल वाढवा. सगळी एकदम लावून ऐकू नका, काही कळत नाही. सगळ्यात जास्त घाण ॲडॅप्टरमधून येते. एखादं पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, आवाज गेला तर गुन्हेगार ॲडॅप्टर. वायफाय राऊटरचा ॲडॅप्टर लावायचा मोह होतो, पिन बसतेही, पण तो बहुतेक १२ व्होल्टचा, मधली पिन प्लस, आणि गिटारच्या पेडलला बहुतेक वेळा ९ व्होल्ट, मधली पिन मायनस लागते. पेडल जळतं, बरं का. व्होल्ट तंतोतंत पाहिजेत, मिलिअँपिअर बेरजेपेक्षा जास्त चालतात. ओव्हरड्राइव्हला (आवाज फाटका करणारं पेडल) दहा-वीस मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) किंवा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) शंभर ते तीनशे खातो, आणि एका ॲडॅप्टरवरून साखळीनं सगळ्यांना दिलं की डिजिटलची बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमधून मोठी होऊन बाहेर येते. आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी लाईन देणारा) महागय पण घ्या, निदान डिजिटलला तरी वेगळा ॲडॅप्टर. जर्मेनियमवाला जुन्या पद्धतीचा फझ (आवाज खरखरीत फाडणारं पेडल) असेल तर त्याला बॅटरीच, तो पॉझिटिव्ह ग्राउंडचा असला तर साखळीत शॉर्ट होतो.

पेडलचा क्रम, गिटारकडून ॲम्पकडं: ट्यूनर, वाह, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. फझ असेल तर तो या सगळ्यांच्या आधी. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) डिस्टॉर्शनच्या नंतर आणि डिलेच्या आधी, नाहीतर डिलेची शेपटी कापली जाते. गेट हा शेवटचा उपायय, अर्थिंगची गुणगुण गेटमागं लपवू नका.

ॲम्पमधून मिक्सरला लाईन दिली अन् गुणगुण वाढली तर तो ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडून झालेला फेरा), डीआय बॉक्सचं (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा डबा) ग्राउंड लिफ्ट दाबा. ते फक्त सिग्नलची जाळी तोडतं, लाईटची अर्थिंग नाही, म्हणून चालतं. ॲम्पची पिन, परत सांगतो, नाही काढायची. ॲम्प, पेडल, सगळं एकाच बोर्डावर, तुमच्या बोर्डावर.

टोनचं थोडक्यात. घरी हळू आवाजात बास आणि गेन (आवाज फाटायचं बटण) वाढवून गोड लागतं, स्टेजवर तेच चिखल होतं अन् ऑक्टोपॅडखाली गिटार दिसतच नाही. मोठ्या आवाजाला बास खाली, गेन घरच्यापेक्षा निम्मा, मिड वर. मल्टिइफेक्ट सरळ मिक्सरला देत असाल तर कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या डब्याची नक्कल) चालू, ॲम्पला देत असाल तर बंद. ट्यूब ॲम्प स्पीकर लावल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) ते कॅबिनेट (स्पीकरचा डबा) स्पीकर केबलच, गिटारची नाही.

बाकी: पॅच केबल (पेडलला पेडल जोडणारी) दोन जादा, खरखर आली की आधी केबल हलवून बघा, मग जॅकचा नट आवळा. कॉन्टॅक्ट क्लीनर, टेप, टॉर्च, मल्टिमीटर, नव्या बॅटऱ्या. कार्यक्रम झाला की ॲम्पचा व्हॉल्यूम शून्य, मग केबल. बॅटरीवरच्या पेडलच्या इनपुटमधली पिन काढून ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत उतरते.